देवाशी कोणत्या भाषेत बोलावे?

गेल्या सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतील एक सहशिक्षिका डोळे पुसत बसल्या होत्या. घरी काही वाईट घडले की काय, अशी शंका आली म्हणून विचारले. त्या कॅथलिक आहेत, आणि आपल्या पॅरिशच्या सल्लागार मंडळावर आहेत. म्हणाल्या, "आमच्या मोंपेरची बदली झाली. सहा वर्षांपूर्वी ते आले तेव्हा हे कधी जातात याची आम्ही वाट पाहत होतो. आता जातात, तर रडू येते."

त्या सहा वर्षांची हकीकत त्यांनी मला दोन-तीन दिवस तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. आपल्या मराठी मंडळींनी ती ऐकावी असे मला वाटले.

थोडी मागची माहिती द्यायला हवी. पूर्वी कॅथलिक चर्चमधील मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे राहत आणि लोक त्यांच्या पाठीमागे आपापली जपमाळ ओढीत. रोमला १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा ठराव संमत केला आणि लोकभाषांना दार उघडले. पुढे वेदी लोकांकडे वळली, साध्या माणसांनी उभे राहून शास्त्रपाठ वाचायला सुरुवात केली. आपल्या बेटावर मात्र लॅटिनच्या जागी मुख्यतः फ्रेंच आली. चर्चच्या बाकांवर बसणाऱ्या कितीतरी लोकांची घरची बोली होती क्रेओल!

खरे तर क्रेओलला चर्चची ओळख फार जुनी आहे. पेर लावाल १८४१ साली येथे आले. त्याआधी सहा वर्षे, १८३५ मध्ये, गुलामगिरी संपली होती. हे मूळचे डॉक्टर. मुक्त झालेल्या लोकांची बोली ते शिकले, त्याच बोलीत त्यांनी धर्मशिक्षण दिले आणि त्यांच्यातूनच प्रार्थना घेणारे स्त्री-पुरुष तयार केले. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते वारले. सेंत क्रुआच्या त्यांच्या समाधीकडे ८ सप्टेंबरच्या रात्री लोक पायी जातात, त्यांत हिंदूही असतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. आमच्या घरातूनही आजी जात असे.

तरी क्रेओल ही गल्लीतली, स्वयंपाकघरातली भाषा, हा समज गेला नाही. १९९३ साली रोजे सेर्व्हो या धर्मगुरूंनी क्रेओल समाजाच्या दुखण्याबद्दल उघडपणे बोलून मोठी खळबळ उडवली. समाज मागे पडला आहे, आणि चर्चमध्येही त्याला आपले घर वाटत नाही, हे ते दुखणे.

आता सहशिक्षिकांच्या पॅरिशकडे वळू. नवे मोंपेर आले तेव्हा रविवारी अर्धे बाक रिकामे असत. तरुण मंडळी पलीकडच्या रस्त्यावरील पेंटेकोस्टल सभागृहात जाऊ लागली होती. मोंपेरना घाई झाली. कोणालाही न विचारता त्यांनी पहाटेची मिस्सा तासभर पुढे ढकलली. म्हाताऱ्यांची बस चुकू लागली, बाजाराला जाणाऱ्या बायकांचा खोळंबा झाला. दोन महिन्यांत वेळ पूर्ववत करावी लागली. बाई म्हणतात, ही फजिती झाली तेच बरे झाले. त्यानंतर वर्षभर त्यांनी काहीच बदलले नाही; संध्याकाळी एकेका घरी जाऊन फक्त बसत, चहा घेत, ऐकत.

मग त्यांनी मंडळापुढे क्रेओल मिस्सेचा विषय काढला आणि भांडण पेटले. सर्वांत कडक विरोध एका निवृत्त शिक्षिकेचा होता. वय ऐंशीच्या घरात, चाळीस वर्षे मुलांना धर्मशिक्षण दिलेले. स्वतः क्रेओल बोलणाऱ्या घरातल्या, वडील गोदीत हमाली करीत. त्या म्हणाल्या, "रविवारी मी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला येते. बोंद्येशी बोलायला भाषाही इस्त्रीची नको? फ्रेंच मी छड्या खाऊन शिकले. ती आता माझ्याकडून काढून घेता?"

हे वाक्य ऐकून मी चहाचा पेला खाली ठेवला. आपण सुधारक मंडळी अशा माणसाला जुनाट म्हणून मोकळी होतो. पण तिने जे कष्टाने मिळवले तेच आपण हलके ठरवत असतो.

मोंपेरनी तिचे काही काढून घेतले नाही. रविवारच्या दोन्ही मिस्सा फ्रेंचमध्येच राहिल्या. शनिवारी संध्याकाळी एक नवी मिस्सा क्रेओलमध्ये सुरू केली, रावानच्या ठेक्यासह, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारू असे सांगितले. पहिल्या शनिवारी तीसेक माणसे आली. मोंपेर मग त्या बाईंच्या घरी गेले व म्हणाले, शुभवर्तमान वाचायला शिकवणारे कोणी नाही, मुले नुसती भराभर वाचतात. तुम्ही शिकवाल का? त्या तयार झाल्या, पण छापील क्रेओल त्यांना वाचताच येईना! फ्रेंचच्या सवयीने डोळा अडखळे. शाळांत क्रेओल हा विषय २०१२ पासून आहे. त्यांच्या नातीने तो घेतला होता. नात आजीला अक्षरे शिकवी, आजी नातीला कुठे थांबायचे ते शिकवी. असे दोन महिने चालले. मग एका शनिवारी आजीबाई, अर्थात इस्त्रीच्या कपड्यांत, वाचायला उभ्या राहिल्या.

सगळे गोड झाले असे नाही. दोन कुटुंबे दुसऱ्या पॅरिशला गेली, ती परतली नाहीत. रावानबद्दल कुरबूर अजून आहे.

हाच प्रश्न वसईच्या मराठी कॅथलिकांपुढेही होता. तेथे लॅटिनच्या जागी मराठी आली. पण तेथे कित्येक घरांत सामवेदी बोलतात, म्हणजे चर्चची मराठी त्यांनाही थोडी इस्त्रीचीच. तरी ती त्यांनी इतकी आपली केली की त्यांच्यातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते २०२४ मध्ये वारले.

सहशिक्षिकांनी मग मलाच विचारले, "तुमच्या चतुर्थीला मुले आरती म्हणतात. अर्थ सांगतील?" मी मराठीचा शिक्षक, आणि मान खाली घालावी लागली. माझा स्वतःचा मुलगा आरती तोंडपाठ म्हणतो आणि बाप्पाकडे मागणे मात्र क्रेओलमध्ये मागतो. आरती क्रेओलमध्ये करावी असे मी म्हणणार नाही; आमच्या बैठकीतल्या वडीलधाऱ्यांनी ती पणजोबांपासून जपली आहे, तीही कष्टाचीच कमाई. पण आरतीआधी दहा मिनिटे मुलांना तिचा अर्थ घरच्या बोलीत सांगायला कोणाची हरकत असावी? यंदा मी मंडळात विचारणार आहे. आधी दोन-चार म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसेन म्हणतो.

नवे मोंपेर पुढच्या महिन्यात येतील. त्यांना फक्त फ्रेंच मिस्सेची सवय आहे, असे कानावर आले आहे. शनिवारचे वाचक कोण, रावान कोण वाजवतो, किल्ली कोणाकडे, सारे एका वहीत लिहून ठेवले आहे. ती वही आजीबाईंकडे असते. नव्या मोंपेरना त्याच भेटणार आहेत.