ढगांखालचा जागा ज्वालामुखी

शुक्रावर साधा कॅमेरा रोखून उपयोग नाही. गंधकाम्लाचे दाट ढग त्याला कायम वेढून असतात. म्हणून १९९० साली तिथे पोहोचलेल्या नासाच्या मॅगेलन यानाने रडार वापरले. रेडिओलहरी ढगांतून आरपार जातात, जमिनीवर आपटून परततात आणि त्यांतून चित्र घडते. खडबडीत जमीन उजळ दिसते, गुळगुळीत काळी.

मात मॉन्स हा शुक्रावरचा सर्वांत उंच ज्वालामुखी. त्याच्या परिसरातले एक मुख फेब्रुवारी १९९१च्या चित्रात गोलसर, सुमारे २.२ चौरस किलोमीटरचे. ऑक्टोबरमध्ये तेच वेडेवाकडे, जवळपास दुप्पट मोठे! पण दोन्ही चित्रे विरुद्ध दिशांनी टिपलेली, त्यामुळे तुलना फार किचकट. संशोधक रॉबर्ट हेरिक यांनी ती चित्रे चिकाटीने डोळ्यांखालून घातली. फरक निव्वळ कोनामुळे नाही ना, हे त्यांचे सहकारी स्कॉट हेन्सली यांनी संगणकावर पडताळले. ही चिकाटी मला यानाइतकीच मोलाची वाटते. ज्वालामुखी जागा असल्याचा निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाला; यान मात्र १९९४मध्येच शुक्राच्या वातावरणात शिरून संपले होते. या निष्कर्षानंतर पुढच्याच वर्षी इटलीच्या संशोधकांना त्याच जुन्या नोंदींत, सिफ मॉन्स या दुसऱ्या ज्वालामुखीच्या उतारावर, ताज्या लाव्हाच्या खुणा सापडल्या.