चीनचा राजनय आणि शांघाय सहकार्य संघटना

शीतयुद्धोत्तर काळाच्या आरंभी बहुपक्षीय व्यासपीठांकडे साशंकतेने पाहणारा चीन पुढे स्वतःच प्रादेशिक संस्थांचा निर्माता झाला. प्रस्तुत लेखात या परिवर्तनाचा विचार मुख्यतः शांघाय सहकार्य संघटनेच्या आधारे केला आहे.

या संघटनेचे मूळ सीमाप्रश्नात आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि एका शेजाऱ्याच्या जागी रशिया, कझाकस्तान, किरगिझस्तान व ताजिकिस्तान असे चार शेजारी चीनसमोर उभे राहिले. या पाच राष्ट्रांनी १९९६ मध्ये शांघाय येथे सीमाभागातील लष्करी विश्वासवृद्धीचा आणि १९९७ मध्ये मॉस्को येथे सैन्यकपातीचा करार केला. संघटना स्थापन झाली ती २००१ मध्ये, उझबेकिस्तानच्या प्रवेशासह. उझबेकिस्तानची सीमा चीनला भिडत नाही. म्हणजेच सीमाप्रश्नाची चौकट तेव्हाच ओलांडली गेली होती. सनद त्यानंतर, २००२ मध्ये आली. अगोदर व्यवहार, मग संस्था, असा हा क्रम आहे.

सनदेनुसार निर्णय मतदानाने नव्हे, सहमतीने होतात. लहान राष्ट्रांना आश्वस्त करणाऱ्या या तरतुदीची किंमत चीनलाही मोजावी लागली. संघटनेच्या विकास बँकेचा प्रस्ताव चीनने २०१० मध्ये मांडला; रशियाच्या अनुत्साहामुळे तो रेंगाळला आणि स्थापनेचा निर्णय २०२५ च्या तिआनजिन परिषदेतच होऊ शकला. दरम्यान २०१६ मध्ये कार्यारंभ केलेल्या आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेत चीनने वेगळी रचना स्वीकारली. तेथे मताधिकार भागभांडवलाशी निगडित आहे. महत्त्वाच्या निर्णयांस तीन चतुर्थांश मते लागतात आणि चीनकडे एक चतुर्थांशाहून अधिक मते आहेत. हा नकाराधिकारच होय, नाव मात्र तसे नाही. (याच बँकेने मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास कर्ज दिले आहे, आणि भारत तिचा दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे.)

भारत २०१७ मध्ये शांघाय संघटनेचा पूर्ण सदस्य झाला. सहमतीचा नियम भारतास कितपत उपयुक्त ठरतो? ‘पट्टा आणि मार्ग’ उपक्रमास भारताने पाठिंबा नाकारला, तेव्हा घोषणापत्रात समर्थक राष्ट्रांची नावे देऊन भारताचे नाव वगळण्याची पद्धत रूढ झाली. येथे नियमाला वळसा घातला गेला, असेच म्हणावे लागेल. याउलट जून २०२५ मध्ये चिंगदाओ येथील संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत दहशतवादाविषयीच्या मजकुरावरून भारताने स्वाक्षरीस नकार दिला आणि संयुक्त निवेदन निघू शकले नाही. सप्टेंबर २०२५ च्या तिआनजिन घोषणापत्रात मात्र पहलगाम हल्ल्याचा नावानिशी निषेध झाला, आणि त्यास पाकिस्तानचीही संमती होती.