बारा बंद आणि एक काठ

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत हल्ली पेशवे पुष्कळ दिसतात. चकचकीत पॉलिस्टरचा झगा, पाठीला चेन, कडेने सोनेरी लेस आणि डोक्यावर तयार पगडी, असा सगळा वेश एका दिवसाच्या भाड्याने मिळतो. सणाला माणसांनी हौस करावी, याबद्दल माझी तक्रार नाही. पण गर्दीतले एखादे पोर विचारते, "तेव्हा असेच कपडे घालायचे का?" आणि मोठी माणसे बिनदिक्कत "हो" म्हणतात. गेली वीसेक वर्षे मी त्या "हो"च्या मागे लागले आहे. पनवेलजवळच्या नेऱ्यात राहून, बायकांच्या शिवणवर्गात जेवढे शिकले तेवढ्या शिदोरीवर, जुने कपडे जुन्या रीतीने शिवून पाहणे हा माझा छंद आहे.

छंदाची सुरुवात एका चुकीने झाली. भाचीला शाळेच्या कार्यक्रमात जिजाऊ व्हायचे होते. ट्रंकेत आजीचे एक सुती नऊवारी लुगडे होते. मी ते कापले, कमरेला नाडी घातली, निऱ्या शिवून टाकल्या. कार्यक्रम छान झाला. पुढे काही वर्षांनी जुन्या विणीबद्दल वाचू लागले तेव्हा कळले की आपण काय कापले. त्या लुगड्याचा पन्हा किती होता, काठ अंगाच्या धाग्यातच विणलेला होता की नंतर जोडलेला, काष्ट्याला घासून कापड कुठे विरले होते, हे आता कधीच कळणार नव्हते. हाती उरला फक्त हातभर काठ.

जुन्या वेशाचा पुरावा मी चार पायऱ्यांत मांडते. पहिला, प्रत्यक्ष वस्त्र. दुसरा, त्याच काळात समोर बघून काढलेले चित्र. तिसरा, त्या काळचे लेखन आणि शब्द. चौथा, नंतरची चित्रे, नाटके आणि सिनेमे. आपल्या मनातली "पेशवाई" बहुतेक चौथ्या पायरीवरून आलेली असते. राजा रविवर्मा (1848–1906) यांच्या पौराणिक नायिका नऊवारीत दिसतात, म्हणून पुराणकाळी नऊवारी होती असे कोणी म्हणणार नाही. पण नाटक-सिनेमातल्या पेशव्याबद्दल आपण नेमके तसेच मानतो. दुसऱ्या पायरीवरचे उदाहरण पाहा. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1792 च्या सुमारास पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून रंगवले. त्या चित्रात अंगावर पांढरी तलम वस्त्रे आहेत. श्रीमंती दिसते ती दागिन्यांत आणि कापडाच्या तलमपणात. सोनेरी लेसचा झगा तिथे नाही.

सिनेमाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना "गांधी" चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळाले, हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पण पडद्यावरचा वेश कथेसाठी असतो. आपण त्यालाच पुरावा समजू लागलो की घोटाळा होतो.

काळ ठरवायला काही खुणा फार उपयोगी पडतात. सिंगरचे शिवणयंत्राचे पेटंट 1851 चे. तेव्हा पेशवाईतला कपडा हवा असेल तर सारी शिलाई हाताची: धावदोरा, उलटी टीप, तुरपाई. पहिला कृत्रिम रंग 1856 मध्ये निघाला, तोही जांभळा. त्याआधीचे रंग म्हणजे नीळ, मंजिष्ठ, आल, कुसुंबा, हळद. दुकानातला झगझगीत गुलाबी किंवा पोपटी रंग अठराव्या शतकात घातला तर बाकी सगळे बरोबर असूनही वेश खोटा दिसतो.

आता एक कपडा शिवून पाहू. बाराबंदी घेऊ, कारण तिच्यात जुनी अक्कल उघड दिसते. बारा बंद म्हणजे सहा जोड्या. बटण नाही, काज नाही. छाती 34 इंच असलेल्या सडपातळ माणसासाठी मी केलेला आराखडा असा. 36 इंच पन्ह्याचे सुती कापड घ्यायचे, आधी पाण्यातून काढून वाळवायचे, मग मोजायचे. अंगाचा तुकडा 52 इंच लांब, 20 इंच रुंद. तो खांद्यावर दुमडला की पाठ आणि पुढा दोन्ही 26 इंचांचे होतात आणि खांद्यावर शिवणच येत नाही. पुढा मधोमध उभा कापायचा. एकावर एक येणाऱ्या पदरांसाठी 26 बाय 10 चे दोन तुकडे, ते अंगाच्या तुकड्याशेजारी बसतात. उरलेल्या सहा इंची पट्टीतून पाच-पाच इंचांचे दोन चौकोन आणि दीड इंच रुंदीचे, नऊ-नऊ इंच लांबीचे बारा बंद निघतात. त्याखाली 20 बाय 16 च्या दोन बाह्या शेजारी शेजारी. एकूण लांबी 72 इंच, म्हणजे नेमके दोन वार. चिंध्या जवळजवळ उरत नाहीत. कापड हातमागावर, दिवसच्या दिवस बसून विणलेले असे. गोल मुंढा कापून कोपरे फेकून देणे परवडणारे नव्हते.

पण मुंढा सरळ ठेवला की हात वर करताना सारा कपडा वर ओढला जातो आणि काखेत उसवतो. त्यावर उपाय ते दोन चौकोन, म्हणजे चौबगले. चौकोन काखेत तिरपा बसतो; त्याच्या दोन बाजू अंगाला आणि दोन बाहीला जोडायच्या. कापडाची तिरकी ओढ हाताला मोकळीक देते. माझी पहिली बाराबंदी मी चौबगल्याशिवाय शिवली होती. घालणाऱ्याने दोर ओढायला हात वर केला आणि दोन्ही काखा टर्रकन फाटल्या. चौबगला हा शब्द मला वाचून माहीत होता. त्याचे काम मात्र त्या दिवशी कळले. तेव्हापासून कोणताही कपडा आधी मांजरपाटात कच्च्या टाक्यांनी उभा करते, घालायला देते, बसायला, वाकायला, हात उंचवायला सांगते आणि मगच चांगल्या कापडाला कात्री लावते.

दरबारी माणसांची निदान चित्रे आहेत. गुडघ्यापर्यंत काष्टा ओढून आमच्या भागात भाताची लावणी करणाऱ्या बायकांना कोणी समोर बसवून रंगवले नाही. त्यांचा पुरावा म्हणजे त्यांची लुगडीच, आणि तीच सगळ्यात कमी टिकली. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, मग बाळाची दुपटी, मग पोतेरे. जरा बरे असले तर बोहारणीला देऊन पातेले येई. जरीचे असले तर जर जाळून त्यातली चांदी विकली जाई. उरलेसुरले कोकणातली दमट हवा आणि कसर खाऊन टाकते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी वस्त्रे पाहायला मिळतात. पण शेतावरच्या लुगड्याला, ते फाटण्याआधी, कोण जपून ठेवणार?

म्हणून माझा आता एक नियम आहे: जुने कापड कापायचे नाही. त्यावरून माप घ्यायचे आणि नव्या कापडात नक्कल करायची. आजीच्या काठावरूनही मी तेच केले. भिंगाखाली इंचातले धागे मोजले, काठाची रुंदी घेतली, रंग उतरवून घेतला. पन्हा मात्र अंदाजानेच धरावा लागला. मी कापलेल्या लुगड्यात तो होता.

दिवाळीच्या साफसफाईत ट्रंका उघडल्या जातील. एखादे विरलेले लुगडे, बंडी किंवा चोळी हाती लागली तर बोहारणीला देण्याआधी अर्धा तास तिच्यासाठी काढा. लांबी आणि पन्हा मोजा, काठाचा आणि आतल्या शिवणीचा फोटो घ्या, कोणी, कधी आणि कोणत्या कामाला घातले ते घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून कागदावर लिहा आणि तो कागद कपड्यासोबत ठेवा. ठेवायचे असेल तर धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि वर्षातून एकदा घडी बदला. आजी होती तेव्हा मी तिला लुगड्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.