साताऱ्याची हवा आणि किरणांचं माप

कर्करोगावरच्या किरणोपचारात मात्रा 5 टक्क्यांहून अधिक चुकू नये, असा जगभरचा दंडक आहे. कमी पडली तर गाठ उरते; जास्त झाली तर निरोगी पेशी भाजतात. ही मात्रा मोजायला पाण्याच्या टाकीत जेमतेम 0.6 मिलिलिटर हवा मावणारी कुपी ठेवतात. किरणांमुळे त्या हवेत निर्माण होणारा विद्युतभार मोजतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात कुपीचं प्रमाणीकरण होतं ते समुद्रसपाटीच्या वायुदाबाला धरून. पण सातारा सुमारे 700 मीटर उंच, सांगली 550. दाब तिथे अनुक्रमे सुमारे 8 आणि 6 टक्के कमी. आकडाही तेवढाच कमी येतो. तोच खरा धरला, तर रुग्णाला जादा मात्रा जाईल. म्हणून भौतिकतज्ज्ञ दाब, तापमान पाहून दुरुस्ती करतात. यंत्राच्या तपासणीसाठी थांबावं लागलं, तर कुरकुरू नका, एवढंच मी सांगेन.