गोगलगाय, चाबूक आणि अकरावीचा बाक

राजकीय व्यंगचित्र बातमीच्या शेजारी छापले जात असले तरी त्याचे नाते बातमीशी नसून अग्रलेखाशी असते. ते घडलेली गोष्ट सांगत नाही, तर त्या गोष्टीविषयीचे एका माणसाचे मत रेषांतून मांडते आणि ते पटवण्यासाठी पुराव्याऐवजी अतिशयोक्तीचा आधार घेते. एखाद्याच्या चेहऱ्यातील नाक, भुवया किंवा हनुवटी यांसारखे ठळक लक्षण फुगवून काढलेल्या चित्राला मराठीत अर्कचित्र म्हणतात. अर्कचित्राला जेव्हा प्रसंग मिळतो आणि त्या प्रसंगाला टीकेची धार येते, तेव्हा त्याचे राजकीय व्यंगचित्र होते. हा भेद केवळ कलासमीक्षकांच्या उपयोगाचा नाही. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आल्यापासून बारावीचे वर्ष आणि मतदारयादीत नाव लागण्याचे वर्ष पुष्कळ मुलामुलींच्या बाबतीत जवळजवळ एकच झाले आहे, आणि त्या वयात मत व वस्तुस्थिती यांतली सीमारेषा ओळखण्याचा सराव जितका चित्रावर होतो तितका व्याख्या पाठ करून होत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर राज्यशास्त्राची जी नवी पाठ्यपुस्तके काढली, त्यांनी हे ओळखले होते. योगेंद्र यादव आणि पुण्याचे सुहास पळशीकर हे त्यांचे मुख्य सल्लागार होते. या पुस्तकांत जुनी व्यंगचित्रे शोभेसाठी नव्हे, तर प्रश्न विचारण्यासाठी घातलेली होती, आणि समासात व्यंगचित्रकार इरफान यांनी रेखाटलेली उन्नी व मुन्नी ही दोन पात्रे मजकुरालाच आडवे प्रश्न विचारत असत. पाठ्यपुस्तकाने स्वतःच्या पानावर स्वतःविषयी शंका घेऊ द्यावी, ही आपल्या शालेय परंपरेत बरीच धाडसाची गोष्ट म्हणावी लागेल.

त्यांपैकी अकरावीच्या, राज्यघटनेविषयीच्या पुस्तकातील एका चित्रावरून पुढे संसद ठप्प झाली. ते चित्र के. शंकर पिल्लई यांचे होते. ‘शंकर’ या सहीने ओळखले जाणारे हे केरळी व्यंगचित्रकार दिल्लीत नावारूपाला आले, १९४८ मध्ये त्यांनी ‘शंकर्स वीकली’ सुरू केले आणि आणीबाणीच्या काळात, १९७५ मध्ये, ते बंद केले. २८ ऑगस्ट १९४९ च्या या चित्रात राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेले आहेत, त्यांच्या हातात चाबूक आहे, मागे पंडित नेहरू चाबूक उगारून उभे आहेत आणि भोवतालची गर्दी गंमत पाहते आहे. पुस्तकाने त्याखाली विचारले होते की, घटना तयार व्हायला सुमारे तीन वर्षे लागली यावर व्यंगचित्रकार टिप्पणी करतो आहे काय, आणि घटनासभेला इतका वेळ का लागला असावा.

मे २०१२ मध्ये हे चित्र आंबेडकरांचा अपमान करणारे आहे, असा आक्षेप घेऊन खासदारांनी गदारोळ केला, मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिबल यांनी दिलगिरी व्यक्त करून चित्र मागे घेतल्याचे जाहीर केले, दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या सर्व पुस्तकांतील चित्रे तपासून अनेक चित्रे वगळण्याची शिफारस केली. समितीचे एक सदस्य, इतिहासकार एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र आपले वेगळे मत नोंदवले.

मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही, पण आक्षेप अडाणीपणाचा होता असे समजणेही तितकेच उथळ ठरेल. व्यंगचित्र हसवते ते चित्रकार आणि वाचक यांच्या रोजच्या जगण्यात काही समान असते म्हणून; समान जगणे जिथे नसते तिथे हसू दुभंगते. सरकारी कामाच्या दिरंगाईला वैतागलेल्या १९४९ च्या शहरी वाचकाला गोगलगायीमध्ये दप्तरशाही दिसली असणार आणि चाबूक त्याच्या लेखी केवळ घाई करण्याचे साधन असणार. ज्याच्या आज्या-पणज्याच्या आठवणीत चाबूक हा मारायचाच असतो, आणि ज्याच्या घरात बाबासाहेबांची तसबीर देव्हाऱ्याच्या जागी आहे, त्या अकरावीतल्या मुलाला त्याच रेषांमध्ये एका उच्चवर्णीय नेत्याने दलित नेत्यावर उगारलेला आसूड दिसला, तर त्याला चित्र कळले नाही असे म्हणता येत नाही. त्याने ते आपल्या आयुष्याच्या उजेडात वाचले एवढेच. चूक झाली ती पुढच्या टप्प्यावर, कारण हे दोन वाचक ज्या एका जागी समोरासमोर बसून आपापले वाचन सांगू शकले असते, त्या वर्गातूनच चित्र उचलले गेले.

समान जगण्याची हीच कसोटी मराठी वाचकांच्या सर्वांत लाडक्या पात्रालाही लावता येते. म्हैसूरला जन्मलेले आणि मुंबईत कर्तृत्व घडवलेले आर. के. लक्ष्मण यांनी १९५१ पासून ‘यू सेड इट’ या पॉकेट कार्टूनमधून, म्हणजे एका स्तंभाच्या रुंदीत मावणाऱ्या दैनंदिन छोट्या व्यंगचित्रातून, चौकड्यांचा कोट आणि धोतर घातलेला ‘सामान्य माणूस’ उभा केला. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीच्या किनाऱ्यावर त्याचे पुतळे आहेत. मंत्र्याचा दौरा, रस्त्यावरचा खड्डा, कोरडा नळ, रेशनची रांग यांतून तो तोंड न उघडता हिंडतो, आणि या मौनामुळेच प्रत्येक वाचक त्याच्या जागी स्वतःला बसवू शकतो. लक्ष्मण यांनी राजकारण विधिमंडळातून काढून स्वयंपाकघरात आणले, हे त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. तरीही बारकाईने पाहणाऱ्या विद्यार्थ्याला विचारता येईल की हा सामान्य माणूस नेमका कोण: तो पुरुष आहे, वयस्क आहे आणि पांढरपेशा आहे, पाण्यासाठी हंडा घेऊन प्रत्यक्ष रांगेत तासन् तास उभी राहणारी बाई त्या कोटात मावत नाही. ‘सामान्य’ या शब्दातच कोणाचे तरी रोजचे जगणे गृहीत धरलेले असते.

कायद्याच्या बाजूचा उल्लेख थोडक्यात पुरे. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राष्ट्रीय प्रतीकांचा वापर केलेल्या चित्रांवरून मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. ते कलम लावण्याविषयी पोलिसांना द्यायच्या मार्गदर्शक सूचनांची नोंद घेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते प्रकरण निकाली काढले. आजच्या बारावीच्या मुलांपुढचा अडथळा मात्र बहुधा निराळाच आहे. त्यांच्या मोबाइलवर येणाऱ्या चित्राला सही नसते, तारीख नसते, अनेकदा कडाही छाटलेल्या असतात, त्यामुळे ते कोणी, केव्हा आणि कोणाला उद्देशून काढले हे कळण्याची सोयच उरत नाही. २०१२ च्या गदारोळातही, चित्र १९४९ चे आहे आणि ते आंबेडकर व नेहरू दोघांच्याही हयातीत प्रसिद्ध झाले होते, ही साधी बाब आरडाओरड्यात मागे पडली होती.

त्या तारखेला महत्त्व आहे, कारण गोगलगायीला उत्तर घटनासभेच्या कामकाजातच नोंदलेले आहे. चित्र येण्यापूर्वीच, ५ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटनासभेचे सदस्य टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहाला सांगितले होते की मसुदा समितीच्या सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, कोणी अमेरिकेत होते, कोणी संस्थानी कारभारात गुंतले होते, आणि अखेर मसुद्याचा भार एकट्या आंबेडकरांवर पडला. चित्रानंतर तीन महिन्यांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, आंबेडकरांनी दिरंगाईच्या आरोपाला स्वतः उत्तर दिले. ‘ड्राफ्टिंग’ म्हणजे मसुदा करणाऱ्या समितीला सभेचेच एक सदस्य नझिरुद्दीन अहमद यांनी ‘ड्रिफ्टिंग’, म्हणजे भरकटणारी, म्हटले होते, त्याचाही त्यांनी समाचार घेतला. ऑस्ट्रेलियाच्या घटनेला नऊ वर्षे लागल्याची आठवण दिली. आणि ३९५ कलमांच्या या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या व त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, असा हिशेब सभागृहापुढे ठेवला. एका पानावर शंकर यांची गोगलगाय आणि समोरच्या पानावर हे आकडे, अशी जोडी अकरावीच्या पुस्तकात छापणे तेव्हा शक्य होते आणि आजही आहे.