अडीच टनीचा हौदा

हत्तीच्या पाठीवर हौदा असतो, तसा ट्रकच्या पाठीवरही हौदाच असतो. मिरवणुकीत लोक माना वर करून हौद्यात कोण बसलंय ते बघतात, हत्तीचं कौतुक नंतर. लष्करी ट्रकांच्या बाबतीत उलटा प्रकार आहे. या गाड्यांवर लिहिणारी मंडळी एकदा इंजिनात शिरली की बाहेर यायचं नाव घेत नाहीत आणि हौद्याला शेवटी एखादी ओळ मिळते. माझं मत वेगळं आहे. लष्करी ट्रकचं आयुष्य त्याच्या हौद्यानं ठरतं, आणि लष्करानं तो मोडीत काढल्यावर तर फक्त हौद्यानंच ठरतं.

उदाहरण घेऊ अमेरिकी ‘ड्यूस अँड अ हाफ’चं. पत्त्यांतल्या दुर्रीला ते लोक ड्यूस म्हणतात. दोन आणि अर्धा, म्हणजे अडीच टन. आपल्याकडे ‘अडीच’ एवढ्यावर काम भागतं. हे अडीच टन खाचखळग्यांच्या वाटेवरचे. चांगल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट भरायची मुभा.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जीएमसीचा सीसीकेडब्ल्यू. 1941 ते 1945 या काळात असे 5,60,000हून अधिक ट्रक बाहेर पडले. 1944च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये ‘रेड बॉल एक्सप्रेस’ नावाची जी रसद-साखळी रात्रंदिवस धावली, तिचा भार मुख्यतः याच ट्रकांनी वाहिला. चालवणारे बहुतांश कृष्णवर्णीय सैनिक होते.

सीसीकेडब्ल्यूचा हौदा सुरुवातीला अख्खा पोलादी होता. पुढे युद्धात पोलादाची चणचण भासू लागली, तेव्हा रणगाड्याला पोलाद हवं की बटाट्याच्या पोत्यांखालच्या तळाला, असा हिशेब झाला आणि हौदा लाकडाचा झाला. कागदावर बचत दिसली. पण लष्करी माल बटाट्यासारखा गुमान बसत नाही. लाकडी हौद्यानं अपेक्षाभंग केला, म्हणून मग मधला मार्ग निघाला: सांगाडा पोलादी, तळ आणि बाजू लाकडी. तोही मनासारखा टिकेना. अखेर गाडी पुन्हा पोलादी हौद्यावर आली. चार वर्षांत पोलाद, लाकूड, मिश्र आणि परत पोलाद असा फेरा पूर्ण झाला. आज जुन्या गाड्या जपणारे लोक हौद्याकडे एक नजर टाकून ट्रक साधारण युद्धाच्या कोणत्या टप्प्यावरचा असावा याचा अंदाज बांधतात. अर्थात मधल्या काळात कुणी हौदा बदललेला नसेल तर.

लांबीतही दोन प्रकार होते. लांब चेसीवर 12 फुटी हौदा, तर आखूड चेसीवर 9 फुटी. आखूड गाडी मुख्यतः तोफ ओढायला.

युद्धानंतर सीसीकेडब्ल्यूची जागा रिओ कंपनीच्या आराखड्यानं घेतली. 1949च्या सुमारास आकाराला आलेल्या या ट्रकची दोन रूपं होती, एम-34 आणि एम-35. दोघांत फरक टायरांचा, पण तो हौद्यात जाऊन उमटला. एम-34ला मागच्या दोन आसांवर प्रत्येक बाजूला एकेकच टायर, मोठ्या व्यासाचा. म्हणजे गाडी सहा टायरी. टायर उंच, म्हणून हौद्याच्या तळात त्यांच्यासाठी उंचवटे काढावे लागले. एम-35ला मागे जोड टायर, व्यास लहान. गाडी दहा टायरी आणि हौद्याचा तळ सपाट.

चिखलात सहा टायरी बरी, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या चाकोरीतूनच जातात. पण हौद्यात माल लावणाऱ्याला विचारा. पेटी सरकवत न्यावी आणि मध्येच चाकाचं टेंगूळ आडवं यावं! सपाट तळावर पेट्या भिंतीसारख्या रचता येतात, बाजूचे बाक पाडून माणसं बसवता येतात. लष्करात एम-35च पुढे रुळला, एम-34 मागे पडला. गंमत म्हणजे 1990च्या दशकात जुन्या ट्रकांची उजळणी करून एम-35ए3 तयार केले, तेव्हा मागे पुन्हा एकेरी मोठे टायर आले. हौदा मात्र सपाटच ठेवला. टेंगूळ परत आणायची हिंमत कुणी केली नाही.

आता एम-35च्या हौद्याजवळ जाऊन बघू. साधारण 12 फूट लांब आणि सव्वासात फूट रुंद पोलादी पेटी. बाजू बुटक्या, त्यांवर लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या खोचलेल्या. या जाळ्यांतच बाक लपलेले असतात: वर दुमडले की कठडा, खाली पाडले की समोरासमोर दोन रांगा. वरती कमानी आणि कमानींवर कॅनव्हासचं छत. मागचा फाळका खालच्या बिजागऱ्यांवर पडतो आणि दोन साखळ्यांनी आडवा तोलून धरता येतो, म्हणजे लांब माल असेल तर हौदा तेवढाच वाढला.

खरी कारागिरी दिसते ती खाली वाकून पाहिल्यावर. हौदा चेसीवर थेट टेकवलेला नाही, मध्ये कठीण लाकडाची पट्टी आहे. मागच्या बाजूला तो घट्ट आवळलेला, पण पुढच्या बोल्टांना स्प्रिंगा. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दरडीवर असलं की चेसी पिळवटते. हौदाही तसाच घट्ट बांधला असता तर तळ फाटला असता किंवा बोल्ट तुटले असते. स्प्रिंग थोडी दबते, हौदा जागच्या जागी अंग सोडतो आणि गाडी सपाटीवर आली की पुन्हा बसतो. बैलगाडीची साटी आखावर कशी बांधतात हे ज्यानं पाहिलंय, त्याला हे वेगळं समजवायला नको.

पुढे फोर्कलिफ्ट आणि पॅलेट आले आणि या पेटीचा दोष उघडा पडला. बाजू पक्क्या असल्यामुळे पॅलेट फक्त मागून चढणार आणि पहिला पॅलेट ढकलत थेट केबिनपाठी न्यावा लागणार. म्हणून बाजूचेही पल्ले पडतील असा हौदा निघाला. त्या ट्रकच्या नावापुढे ‘सी’ अक्षर लागतं, एम-35ए2सी. आपल्याकडच्या भाजी मार्केटात तिन्ही बाजूंचे फाळके पाडून उभा टेम्पो रोज दिसतो, त्यामुळे यात आपल्याला नवल नाही. मात्र सोय फुकट मिळत नाही. बिजागऱ्या गंजतात, पल्ले खडखडतात आणि पक्क्या बाजूंचा ताठपणा जातो. याशिवाय लांब चेसीवरचा एम-36 होता, सुमारे 17 फूट हौद्याचा, वजनाला हलक्या पण जागा खाणाऱ्या मालासाठी. बाकी अडीच टनीच्याच चेसीवर पेट्रोलची टाकी, पाण्याची टाकी, फिरता कारखाना, डंपर असं काय काय बसवलं गेलं, त्याची यादी देत नाही.

एक प्रकार मात्र कोणत्याही आराखड्यात नव्हता. व्हिएतनाममध्ये किनाऱ्यावरच्या क्वी न्योनहून आन खेकडे जाणाऱ्या 19 नंबरच्या रस्त्यावर रसदीच्या तांड्यांवर हल्ले होत. 2 सप्टेंबर 1967च्या मोठ्या हल्ल्यानंतर चालकांनी आणि मेकॅनिकांनी स्वतःच उपाय शोधला. अडीच टनीच्या हौद्यात लाकडी फळ्या आणि वाळूची पोती रचून मशीनगन बसवल्या, आणि झाले गन-ट्रक. पावसाळ्यात पोत्यांनी पाणी पिऊन वजन इतकं वाढवलं की ट्रक तांड्याच्या मागे पडू लागले. मग पोती जाऊन पोलादी पत्रे आले, पत्र्यांच्या दुहेरी भिंती आल्या आणि अडीच टनीच्या जागी पाच टनी ट्रक आले. काहींनी तर निकामी झालेल्या एम-113 चिलखती गाडीचं अख्खं धूड उचलून हौद्यात ठेवलं. हे काम भंगारातून, कुणाच्या लेखी परवानगीची वाट न बघता झालं. त्यांतला ‘ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’ हा एक पाच टनी ट्रक आज व्हर्जिनियात फोर्ट युस्टिसच्या लष्करी वाहतूक संग्रहालयात आहे. मूळ गन-ट्रकांपैकी तेवढा एकच घरी परतला.

मोडीत निघालेल्या लष्करी गाड्यांना आपण ‘डिस्पोजल’चा माल म्हणतो. पुण्या-नगरच्या वाचकाला या संदर्भात आठवेल तो जबलपूरचा शक्तिमान. 1959च्या सुमारास जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्यानं सुरू झालेला हा ट्रक 1996पर्यंत बनत होता. इकडे एम-35ए2च्या बहुइंधनी इंजिनातली ज्वलनाची पद्धतही मूळची मानचीच. तेवढ्यापुरते हे दोघे मावसभाऊ.

अमेरिकेत डिस्पोजलच्या अडीच टनीला सगळ्यात मानाचं दुसरं आयुष्य मिळतं ते बंबाचं. तिथलं वनखातं लष्कराच्या जादा गाड्या राज्यांमार्फत खेड्यांतल्या अग्निशमन दलांना वापरायला देतं. इथे हौद्याचा खरोखरच हौद होतो आणि गणित चुकतं. आडवाटेवरची क्षमता सुमारे 2,270 किलो, म्हणजे तेवढेच लिटर पाणी. ते हौद्यात ओतलं तर जेमतेम सव्वा वीत उंच भरेल. एवढी मोठी पेटी बघून टाकी मोठी बसवायचा मोह होतो. शिवाय पाणी वळणावर हिंदकळतं, म्हणून टाकीत आडवे पडदे हवेतच.

हौशी लोकांची तऱ्हा आणखी वेगळी. ते मागचा एक आस काढून चेसी कापतात आणि चारचाकी आखूड गाडी बनवतात. मग 12 फुटी हौदा कापून पुन्हा सांधायचा की दुसरा शोधायचा? त्याचं उत्तर लष्करानंच ठेवून दिलंय. याच ट्रकमागे जोडायच्या एम-105 ट्रेलरची पेटी सुमारे 9 फुटांची आहे आणि ती आखूड केलेल्या चेसीवर शोभून दिसते. आयुष्यभर ज्याच्यामागे फरफटला, त्याच्याच पाठीवर ट्रेलर चढून बसतो.

परदेशात राहणारा कुणी मराठी वाचक असा ट्रक घ्यायच्या विचारात असेल तर त्याला एवढंच सांगेन. पॅलेट चढवायचे असतील तर ‘सी’ घ्या, नाहीतर पक्क्या बाजूंचा घ्या. इंजिन सुरू झाल्याचा व्हिडिओ विकणारा स्वतःहून पाठवेल. तुम्ही हौद्याखालच्या लाकडी पट्टीचे आणि पुढच्या स्प्रिंगांचे फोटो मागा. पट्टी कुजून पाणी धरत असेल तर तिच्याखालची चेसीही गंजलेली असते, आणि इंजिनापेक्षा चेसी बदलणं महागात पडतं.