दहा दिवसांचा पाहुणा
लेखमाला : फिरते गडी – भाग ६

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, दहा दिवसांचा एक करार असतो. हंगाम अर्ध्यावर आला की एखाद्या संघात कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाचा गुडघा सुजतो आणि बाकावर माणूस कमी पडतो. मग बाहेर वाट बघत बसलेल्या खेळाडूला फोन जातो. त्याला दहा दिवसांचा पगार मिळतो आणि तेवढ्यात होतील तेवढे सामने. काम आवडलं तर आणखी दहा दिवस. त्यानंतर मात्र संघाला निर्णय घ्यावाच लागतो : हंगाम संपेपर्यंत ठेवून घ्या, नाहीतर निरोप द्या.

या कराराच्या पोटात एक अवघड परीक्षा आहे. नव्या संघाच्या चाली वेगळ्या, खुणा वेगळ्या, प्रशिक्षकाचा स्वभाव वेगळा. सोबत्यांपैकी कुणाला चेंडू डाव्या हाताला हवा, कुणाला छातीशी, हे दोन-तीन सरावांत ओळखायचं. बरं, संघात आधीपासून असलेला एखादा तुमच्याकडे ‘हा माझी जागा खायला आलाय’ अशा नजरेनं बघतच असतो. केव्हिन ओलीची कारकीर्द सुरू झाली ती अशा करारांवर, आणि पुढे प्रशिक्षक म्हणून त्याचं जे काही भलं आणि वाईट झालं, त्याचं मूळही मला इथेच दिसतं.

ओलीचा जन्म १९७२ चा, टेक्सासमधल्या डॅलसचा. वाढला लॉस एंजेलिसमध्ये, क्रेनशॉ हायस्कूलच्या कोर्टवर. तिथून देशाच्या दुसऱ्या टोकाला, कनेक्टिकट विद्यापीठात गेला. जिम कॅल्हून हे तिथले प्रशिक्षक अत्यंत करडे. त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढून १९९५ मध्ये बाहेर पडला, तेव्हा एनबीएच्या वार्षिक निवडीत त्याचं नाव कुणीच घेतलं नाही. मग सीबीए नावाच्या दुय्यम लीगमध्ये तो ‘कनेक्टिकट प्राइड’कडून खेळला. एनबीएचं दार उघडलं ते १९९७ मध्ये, जन्मगावच्याच डॅलस संघात, आणि काही आठवड्यांत बंदही झालं. त्याच हंगामात तो ऑर्लँडोकडून खेळला.

इथून पुढची यादी एका दमात वाचावी लागते. सॅक्रामेंटो, परत ऑर्लँडो, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, परत फिलाडेल्फिया, शिकागो, इंडियाना, मिलवॉकी, सिअ‍ॅटल, क्लीव्हलँड, तिसऱ्यांदा फिलाडेल्फिया, मिनेसोटा, ओक्लाहोमा सिटी. तेरा हंगामांत डझनभर शहरं. (सिअ‍ॅटलचा संघच २००८ मध्ये उचलून ओक्लाहोमाला नेला गेला, म्हणून काही जण अकराच संघ मोजतात.) एकूण ६६२ सामने आणि सामन्यामागे सरासरी ३.८ गुण.

३.८ हा आकडा कुणाच्याही डोळ्यांत भरणारा नाही. तीन गुणांचा लांबचा फटका तर ओलीकडे जवळजवळ नव्हताच आणि त्याला पुन्हापुन्हा सामान बांधायला लागलं त्याचं हेच मोठं कारण. तरीही तेरा वर्षं कुणी ना कुणी त्याला बोलावत राहिलं. तो पॉइंट गार्ड होता. चेंडू पुढे नेणं, चाल लावणं, योग्य माणसाला योग्य वेळी पास देणं हे या जागेचं काम. मुख्य पॉइंट गार्ड दम खायला बाहेर बसला की पाच-दहा मिनिटं चेंडू न गमावता, घातलेली घडी न मोडता सांभाळणारा कुणीतरी हवा असतो. ओली ते करायचा. शिवाय समोरच्याला छातीला छाती लावून अडवायचा, बाकावर बसवलं तर तोंड वाकडं करायचा नाही आणि ताऱ्यांच्या मानाने स्वस्तात मिळायचा.

अशा खेळाडूच्या नशिबी आणखी एक गोष्ट येते : बड्यांच्या सौद्यात तोंडीलावणं म्हणून जाणं. एनबीएत खेळाडूंची अदलाबदल करताना दोन्ही बाजूंच्या पगारांचा मेळ बसावा लागतो, म्हणून एका ताऱ्याबरोबर दोन-तीन लहान नावं बांधून दिली जातात. फेब्रुवारी २००३ मध्ये मिलवॉकीने रे अ‍ॅलनला सिअ‍ॅटलकडे दिलं आणि बदल्यात गॅरी पेटन आणि डेस्मंड मेसन घेतले. वर्तमानपत्रांचे मथळे अ‍ॅलन आणि पेटनचे. त्या गाठोड्यात ओलीही होता. गंमत म्हणजे अ‍ॅलन आणि ओली कनेक्टिकट विद्यापीठात एकाच संघात खेळलेले.

या भटकंतीत त्याच्या वाट्याला कोणकोण सोबती आले ते पाहा. २००१ च्या अंतिम मालिकेत अ‍ॅलन आयव्हरसनच्या फिलाडेल्फिया संघात तो होता, मैदानावर मिनिटं थोडी मिळाली तरी. २००३-०४ मध्ये क्लीव्हलँडला लेब्रॉन जेम्स नावाचा पोरगा शाळेतून थेट एनबीएत उतरला, तेव्हा त्या ड्रेसिंगरूममध्ये ओली होता. आणि २००९ मध्ये, छत्तिशी पार केल्यावर, त्याला ओक्लाहोमा सिटीने घेतलं, जिथे केव्हिन ड्युरांट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन ही विशी-एकविशीतली मुलं होती. आदल्या हंगामात या संघाने ८२ पैकी २३ सामने जिंकले होते. त्या हंगामात ५० जिंकले. त्याचं श्रेय बाकावरच्या म्हाताऱ्याला देणं भाबडेपणाचं होईल, कारण ती मुलंच असामान्य होती. पण ड्युरांटने पुढे एका मुलाखतीत सांगितलं की संघाची सारी संस्कृती ओलीने बदलली. सरावाला किती आधी यायचं, शरीर कसं राखायचं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं, हे मुलं त्याच्याकडे बघून शिकली. त्या हंगामात ड्युरांट सर्वाधिक सरासरीने गुण करणारा आजवरचा सर्वांत तरुण खेळाडू ठरला. ओली हंगामाअखेर निवृत्त झाला.

२०१० मध्ये कॅल्हूननी त्याला साहाय्यक म्हणून परत बोलावलं. पहिल्याच वर्षी विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. मग सप्टेंबर २०१२ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, कॅल्हून निवृत्त झाले आणि ओलीला मुख्य प्रशिक्षक केलं गेलं. पण करार किती दिवसांचा? सात महिन्यांचा! दहा दिवसांच्या करारांवर उभं राहिलेल्या माणसाला विद्यापीठाने पुन्हा तोच प्रकार मोठ्या मापात देऊ केला, आणि त्याने तो घेतला.

हातात काय आलं होतं? खेळाडूंच्या अभ्यासातली प्रगती ठरलेल्या रेषेच्या खाली घसरल्यामुळे विद्यापीठाला २०१३ च्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरायला बंदी होती. वर्षभर खेळा, पण शेवटी कुठेच पोचायचं नाही. काही खेळाडू एनबीएत गेले, काहींनी दुसरी विद्यापीठं गाठली. शबाझ नेपियर, रायन बोटराइट, जर्मनीहून आलेला निएल्स गिफाय असे थोडे थांबले. त्या निष्फळ हंगामात ओलीच्या संघाने २० सामने जिंकले, १० हरले. मला विचाराल तर प्रशिक्षक म्हणून त्याची हीच कमाई सर्वांत मोठी. ज्या सामन्यांना पुढे काही नाही, त्यांत मुलांना जीव ओतायला लावणं सोपं नसतं. पुढे काही नसताना रोज सरावाला उभं राहणं, हे त्याने स्वतः केलेलं होतं.

२०१४ ची गोष्ट अमेरिकेत पुष्कळदा सांगून झाली आहे, तरी थोडक्यात. मार्चमध्ये एका साखळी सामन्यात लुईव्हिलने त्यांना ३३ गुणांनी तुडवलं. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना सातवं मानांकन मिळालं. चार विभाग असतात आणि प्रत्येक विभागात सोळा मानांकनं, म्हणजे देशात पंचविसावा-सव्विसावा संघ समजा. पहिल्याच सामन्यात सेंट जोसेफ्सने त्यांना जादा वेळेपर्यंत खेचलं. तिथून सुटल्यावर मात्र व्हिलानोव्हा, आयोवा स्टेट, मिशिगन स्टेट, सलग ३० सामने जिंकून आलेलं फ्लोरिडा, असे एकेक गडगडत गेले. ७ एप्रिलला अंतिम सामना टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला, ओलीच्या जन्मगावाशेजारी. समोर केंटकी, पाचही सुरुवातीचे खेळाडू पहिल्या वर्षातले, उंचीने आणि ताकदीने सरस. कनेक्टिकटने ६०-५४ असा विजय मिळवला. नेपियरचे २२ गुण. दोन्ही संघांतलं अंतर सहा गुणांचं, आणि ते कुठून आलं हे फ्री थ्रोच्या रकान्यात दिसतं : कनेक्टिकटने दहापैकी दहा टाकले, केंटकीने चोविसांतले तेराच. फ्री थ्रो ही एकट्याने, शांतपणे, रोज शंभर-दोनशे टाकून कमवायची गोष्ट. सातव्या मानांकनाच्या संघाने विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. ही स्पर्धा जिंकणारा ओली चौथा कृष्णवर्णीय प्रशिक्षक ठरला.

आपल्याकडे या जातीचा माणूस म्हणजे चंद्रकांत पंडित. मुंबईचे यष्टिरक्षक, पुढे आसाम आणि मध्य प्रदेशाकडून खेळले, आणि प्रशिक्षक म्हणून मुंबई, विदर्भ, मध्य प्रदेश या तिन्ही संघांना त्यांनी रणजी करंडक मिळवून दिला. परक्या ड्रेसिंगरूममध्ये शिरून दोन-तीन हंगामांत घडी बसवून दाखवायची, ही कला दोघांचीही. पण पंडित काम झालं की पुढच्या गावाला गेले. ओली थांबला.

आणि तिथेच गाडी अडली. विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचं निम्मं काम कोर्टबाहेरचं असतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या घरी जायचं, आईवडिलांना पटवायचं, तीन-चार वर्षांनी कोण कुठे बसेल याचा आराखडा डोक्यात ठेवायचा. आहे त्या माणसांतून तीन आठवड्यांत सर्वोत्तम काढणं वेगळं आणि दरवर्षी नवी माणसं पेरत राहणं वेगळं. कॅल्हूनच्या काळातले खेळाडू गेले तशी धार गेली. मधल्या एका वर्षी त्यांनी आपल्या साखळीची स्पर्धा जिंकली खरी, पण २०१६-१७ मध्ये १६ विजय, १७ पराभव आणि पुढच्या वर्षी १४-१८. मार्च २०१८ मध्ये विद्यापीठाने त्याला काढलं, आणि खेळाडू-भरतीच्या नियमभंगाचा ठपका ठेवून कराराचे उरलेले कोटीभर डॉलर द्यायला नकार दिला. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनेही २०१९ मध्ये त्याच्यावर तीन वर्षांचा निर्बंध घातला.

नियम मोडले होते हे खरं, पण हंगाम चांगले गेले असते तर ते इतके डोळ्यांवर आले असते का, ही शंका मला आहे. ओली भांडला. विद्यापीठ सरकारी, प्रशिक्षकही प्राध्यापकांच्या संघटनेच्या कराराखाली येत असल्यामुळे त्याला सहज हाकलता येत नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने त्याच्या बाजूने कौल देऊन सुमारे १ कोटी ११ लाख डॉलर द्यायला लावले. त्याच वर्षी तडजोडीने आणखी ३९ लाख मिळाले. दरम्यान त्याच्या जागी आलेल्या डॅन हर्लीचा पहिला हंगामही १६-१७ असाच गेला होता. त्याला वेळ मिळाला आणि २०२३ व २०२४ असं लागोपाठ दोनदा त्याने राष्ट्रीय विजेतेपद आणलं.

ओली २०२१ मध्ये अटलांटातल्या ‘ओव्हरटाइम एलिट’ या किशोरवयीन खेळाडूंच्या नव्या लीगमध्ये गेला आणि २०२३ मध्ये ब्रुकलिन नेट्समध्ये साहाय्यक म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेट्सने मुख्य प्रशिक्षक जॅक व्हॉन यांना काढलं आणि उरलेल्या २८ सामन्यांसाठी ओलीला हंगामी मुख्य प्रशिक्षक नेमलं. हीसुद्धा मुदतीची नेमणूक. त्याने ११ जिंकले, १७ हरले आणि एप्रिलमध्ये कायमची जागा जॉर्डी फर्नांडेझला मिळाली.

पुढच्या आठवड्यात टायरन लू. २००१ च्या त्या अंतिम मालिकेत समोरच्या लेकर्स संघाकडून आयव्हरसनला अडवायला सोडलेला बुटका गार्ड, ज्याने २०१६ मध्ये क्लीव्हलँडला १-३ अशा पिछाडीवरून विजेतेपद मिळवून दिलं.